उत्क्रांती पटते का, आणि का? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्गात, सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानानंतर, सकाळी वेताळ टेकडीवर फिरताना लोक उत्क्रांतीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

पुण्यातले लोक उत्क्रांती मानतात का?

"हो, मानतो की!" हेच उत्तर बहुतेक वेळा ऐकू येतं. डार्विनचं नाव काढलं म्हणून इथे कुणी अंगावर येत नाही. पण "मानता म्हणजे नेमकं काय मानता?" असं विचारलं की तीन उत्तरं येतात: माकडापासून माणूस झाला, जो बलवान तो टिकला, आणि जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली. यातलं एकही डार्विनचं नाही. मान ताणण्याची कल्पना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कची, १८०९ सालची.

डार्विनने १८५९ मध्ये मांडलं ते असं: एकाच जातीच्या प्राण्यांत जन्मतःच थोडेथोडे फरक असतात. ज्या फरकामुळे पिल्लं जास्त जगतात आणि वाढतात, तो पुढच्या पिढीत जास्त दिसतो. अशा हजारो-लाखो पिढ्या गेल्या की मूळ जात ओळखू येणार नाही इतकी बदलते, कधी तिच्या दोन जाती होतात. यात कुणी प्रयत्न करत नाही, कुणी ठरवून बदलत नाही.

माझं निरीक्षण असं की आपल्याकडे उत्क्रांतीला विरोध थोडा आहे, आणि समजही थोडीच आहे. दहावीला पाठ केलं, मार्क मिळाले, म्हणून मानलं. असं मानणं व्हॉट्सॲपवरच्या एका फॉरवर्डने डळमळतं. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मग जे नाकारतात, ते का नाकारतात?

कारणं अनेक आहेत, आणि पुराव्याशी संबंध असलेली त्यातली फार थोडी.

सगळ्यात मोठं कारण मानाचं. आपण गोत्र सांगतो, म्हणजे आपलं मूळ एखाद्या ऋषीपर्यंत नेतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला "तुमचे पूर्वज झाडावर राहत होते" हे सांगितलं तर ते त्याला ज्ञान वाटत नाही, अपमान वाटतो. हा अपमान खरा वाटतो म्हणूनच त्याची टर उडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण: "एवढा डोळा, एवढा मेंदू आपोआप झाला?" ही शंका मी सर्वांत जास्त इंजिनिअर मंडळींकडून ऐकली आहे. जे स्वतः यंत्रं आखतात त्यांना आखणीशिवाय काही घडतं हे पटायला जड जातं, आणि ते स्वाभाविक आहे. पण इथे एक गोष्ट निसटते. जनुकांत होणारा बदल योगायोगाने होतो. कोणता बदल टिकणार हे मात्र योगायोगावर नसतं, परिस्थिती ते ठरवते. डोळ्याच्या मधल्या पायऱ्या आजही जिवंत आहेत. प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीला फक्त उजेडाची दिशा कळणारे ठिपके असतात. नॉटिलसच्या डोळ्यात भिंगच नाही, नुसतं बारीक छिद्र आहे, तरी त्याला त्याचा उपयोग होतो. अर्धा डोळा काय कामाचा, असं विचारणाऱ्याने नॉटिलसकडे पाहावं.

तिसरं, अविश्वास. "हे इंग्रजांनी आपल्यावर लादलं." डार्विन इंग्रज होता हे खरंच. पण जीवाश्म ज्या खडकात सापडतात त्या खडकांना पासपोर्ट नसतो, आणि या विषयातले काही उत्तम पुरावे भारताच्या जमिनीतून निघाले आहेत. ते पुढे येतीलच.

शिवाय ज्यांच्यासाठी धर्मग्रंथाचा शब्द अक्षरशः खरा असतो, असे लोक हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळ्यांत भेटतात. आणि उरलेल्या बऱ्याच जणांनी नाकारलेलंही नसतं. त्यांना कधी नीट सांगितलेलंच नसतं.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी आहेत?

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात माकडांसमोर उभं राहून हा प्रश्न कुणी विचारला नाही, असा रविवार जात नसेल.

समजा तुमचे पणजोबा कोकणातून पुण्यात आले आणि त्यांचे भाऊ गावीच राहिले. गावचे चुलत भाऊ आजही तिथे आहेत. तुम्ही त्यांच्यापासून झालेला नाहीत. तुमचा आणि त्यांचा खापरपणजोबा एक. आजची माकडं अशीच आपली लांबची भावकी आहेत. आपल्याला सर्वांत जवळचा चिंपांझी. त्याची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हाचा समान पूर्वज ना आजचा चिंपांझी होता, ना माणूस. कात्रजचं माकड कितीही वर्षांनी माणूस होणार नाही. तेही आपल्याइतक्याच काळाची उत्क्रांती होऊन इथवर आलं आहे.

याचा पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या, २४ जोड्या, आपल्यात २३. नातं खरं असेल तर एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं, तर ते दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळल्यासारखं निघालं. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी खूण तिथे मधोमध सापडते.

उत्क्रांती अजून सिद्ध कुठे झाली आहे? नुसता सिद्धांतच ना?

विज्ञानात एखादी मांडणी पक्की ठरते ती "अमुक ठिकाणी अमुक सापडेल" असं आधी सांगून ते तसंच सापडल्यावर. माशांपासून चार पायांचे प्राणी झाले असतील, तर दोन्हींच्या मधला प्राणी साधारण ३७ ते ३८ कोटी वर्षं जुन्या खडकात असायला हवा. संशोधकांनी नकाशावर तेवढ्याच वयाचे खडक शोधले, कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर काही वर्षं खणलं, आणि २००४ मध्ये टिकटालिक सापडला. खवले आणि पर माशाचे, पण मान वळणारी आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून हाडं असलेले दगड गोळा केले होते. ते दगड वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते देवमाशांचे अभ्यासक हॅन्स थेविसन यांच्याकडे सोपवले. दगडातून हाडं मोकळी करताना मदतनिसाच्या हातून एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला. तुटलेल्या कडेला हाडाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसली. कानाच्या हाडाची ही ठेवण देवमाशांची ओळख मानली जाते. आणि हा प्राणी तर मांजराएवढा, खुरांचा, चार पायांचा होता, म्हणजे देवमाशांचा जमिनीवरचा नातलग. इंडोहायस असं त्याचं नाव, वय सुमारे ४.८ कोटी वर्षं. २००७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. पाय असलेल्या आरंभीच्या देवमाशांचे जीवाश्म आपल्या कच्छमध्येही निघाले आहेत. एकाचं नावच कच्छीसीटस आहे.

मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. पाठ्यपुस्तकात ती असायला हवी होती.

पण उत्क्रांती होताना कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, हेच म्हणाले होते: माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चुकीचा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं.

लाखो वर्षांचा बदल एका आयुष्यात दिसणार नाही, हे उघड आहे. पण ज्यांची पिढी महिन्याभरात बदलते त्यांची उत्क्रांती आपण पाहतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने तर ती खिशातून पैसे घालवून पाहिली आहे.

२००२ मध्ये बीटी कापूस आला. त्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होतं. सुरुवातीची वर्षं फवारणी कमी झाली. पण लाखो गुलाबी बोंडअळ्यांत मोजक्या अशा होत्या, ज्यांच्यावर ते प्रथिन चालत नव्हतं. बाकीच्या मेल्या, या उरल्या, त्यांचे पतंग आपसात मीलन करून अंडी घालत राहिले. पहिल्या पिढीचं बीटी निकामी झाल्याचं २०१० पर्यंत गुजरातेत जाहीर झालं. दोन प्रथिनांचं बीटी २००६ मध्येच आलं होतं, पुढे त्यालाही अळी पुरून उरली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडून पाहिली तर आत सरकी खाल्लेली आणि अळी बसलेली.

आता गंमत पाहा, हे टाळायचा उपायही उत्क्रांतीच्या शास्त्रातूनच आला होता. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाचं बियाणं मिळायचं. शेताच्या कडेने ते लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करतील आणि प्रतिकाराचा गुण पातळ राहील. हे का करायचं, हे नीट समजावून सांगितलंच गेलं नाही. अळीसाठी कोण कापूस लावणार? अनेकांनी ते पाकीट बाजूला टाकलं. त्यात फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभं ठेवलं, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न मिळत राहतं. निवड कशी होते हे कळलं असतं, तर ते पाकीट बांधावर पडून राहिलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

कोरोनाही आठवतो. २०२० च्या अखेरीस भारतात प्रथम आढळलेल्या डेल्टा प्रकाराने दुसरी लाट आणली. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसह देशातल्या प्रयोगशाळा विषाणूचं जनुकीय लिखाण वाचत होत्या आणि कोणता बदल पसरतो आहे ते टिपत होत्या. औषधांना न जुमानणारा क्षयरोगही याच मार्गाने तयार झाला. डॉक्टर "कोर्स पूर्ण करा" म्हणतात त्यामागे हेच कारण आहे.

दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे ना?

पुण्यात उत्क्रांती मानण्याचं हे फार आवडतं कारण आहे: आधी मत्स्य, मग कूर्म, वराह, नरसिंह, वामन... पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसाकडे. ऐकायला छान वाटतं, आणि लोक या वाटेने डार्विनला घरात घेतात म्हणून मी या कल्पनेवर रागवत नाही. पण ती बरोबर नाही.

कासव हा सरपटणाऱ्या प्राण्यांतला, ते माशाच्या लगेच पुढची पायरी नाही. डुक्कर आपला पूर्वज नाही, आणि सिंह तर अगदी वेगळ्या फांदीवर आहे. मुख्य म्हणजे ही एक सरळ शिडी आहे, आणि उत्क्रांतीला फांद्याच फांद्या असतात. बदल कशामुळे होतो हे दशावतार सांगत नाही. तो त्याचा विषयच नाही. धर्माला ग्लानी येते तेव्हा देव धावून येतो, ही त्याची गोष्ट आहे. महाराष्ट्रात तर नवव्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठलाचं चित्र काढायचीही रीत आहे, कारण भक्ताला तिथे तोच हवा होता.

ही सांगड डार्विननंतरची आहे. थिऑसॉफी या आध्यात्मिक चळवळीच्या मादाम ब्लाव्हात्स्की यांनी ती १८७७ मध्ये छापली, आणि पुढे भारतात येऊन राहिलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही तसं साम्य दाखवलं. दशावताराला डार्विनच्या साक्षीची गरज नाही आणि डार्विनला दशावताराच्या.

देव मानणाऱ्या माणसाला उत्क्रांती मानता येते का?

येते, आणि अनेक जण मानतात. आधुनिक उत्क्रांतीशास्त्राच्या उभारणीत मोठा वाटा असलेले थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही आहे असं म्हटलं. मुस्लिम विचारवंतांत दोन्ही बाजू आहेत. बरेच जण बाकी जीवसृष्टीची उत्क्रांती मान्य करून माणसापाशी थांबतात. आंबेडकरी बौद्ध घरांतल्या विद्यार्थ्यांना सहसा अडचणच येत नाही. सृष्टी ईश्वराने निर्माण केली ही कल्पना बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्मात मुळातच नाकारलेली आहे.

आणि पुण्याचं म्हणाल तर लोकमान्य टिळक. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी सांख्य दर्शनातली प्रकृती आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची उत्क्रांती शेजारी शेजारी ठेवून तपासली आहे. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असं नाही. पण गीतेवर लिहिताना युरोपातलं ताजं जीवशास्त्र वाचावं असं त्यांना वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्याशी समाजसुधारणेवरून भांडलेले आगरकरही इंग्रज तत्त्वज्ञ स्पेन्सर वाचूनच घडले होते. उत्क्रांतीची चर्चा या शहरात तेव्हापासून आहे.

अमेरिकेत एवढा वाद, आपल्याकडे का नाही?

तिथे अनेकांसाठी प्रश्न बायबलच्या पहिल्या पानाचा आहे. २०२४ च्या गॅलप पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की देवाने माणसाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात घडवलं. २००६ मध्ये ३४ देशांची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात उत्क्रांती मानण्यात अमेरिका शेवटून दुसरी आणि तुर्कस्तान शेवटचा होता. १९२५ मध्ये टेनेसीत जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला होता.

आपल्याकडे काळाची कल्पनाच अवाढव्य. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा म्हटल्यावर पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आहे हे ऐकून कुणी दचकत नाही. चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरणारा जीव ऐकत आपण मोठे होतो, त्यामुळे माणूस आणि प्राणी यांच्यात पक्की भिंत नाही. मात्र हे आकडे पुरावा म्हणून वापरू नका. पृथ्वीचं वय मुख्यतः उल्कापाषाणांतल्या, युरेनियमपासून बनलेल्या शिशाच्या मोजणीतून आलं आहे.

पुस्तकातून उत्क्रांती काढली, हे खरं का?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून, हो. कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून २०२२ मध्ये कपात झाली, आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यात फक्त आनुवंशिकता उरली. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचं खुलं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात धडा राहिला, पण अकरावीला बायोलॉजी न घेणाऱ्याचं काय? कॉमर्सला गेलेल्या मुलीने उत्क्रांती शिकायचीच नाही का?

बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २'मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. मराठी माध्यमाच्या मुलांनी इथे कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

"बळी तो कान पिळी" असंच उत्क्रांती शिकवते ना?

नाही. 'जो सक्षम तो टिकतो' हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा; डार्विनने तो नंतर उचलला. निसर्गात टिकणं म्हणजे ताकद असं नाही. कधी लहान असणं, कधी लपता येणं, कधी एकमेकांना सांभाळणं कामी येतं. माणसाचं मूल वर्षानुवर्षं परावलंबी असतं, एकमेकांना धरून राहणाऱ्यांचीच मुलं जगली. आणि निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती आपण करावी, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. या सिद्धांताच्या नावाने वंशश्रेष्ठत्वाचं राजकारण झालं, लोकांवर सक्तीची नसबंदी झाली, हा इतिहास लपवू नये. जातीच्या उतरंडीला कुणी डार्विनचा आधार देऊ लागलं तर तिथल्या तिथे अडवावं.

जीवन सुरू कसं झालं, हे उत्क्रांती सांगते का?

नाही, तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर काम चालू आहे. पहिला जीव आल्यानंतर पुढे काय झालं, हे उत्क्रांती सांगते.

माणसाची उत्क्रांती आता थांबली का?

थांबलेली नाही. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. या आजाराचं जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर आयुष्यभराच्या वेदना. एकाकडूनच आलं तर मलेरियापासून बराच बचाव होतो, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ते टिकून राहिलं.

पुण्यात राहून पुरावा पाहायचा तर कुठे जाऊ?

डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहा. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेसोबत दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या राखेच्या वयावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण आपल्या जिल्ह्यात लिखित इतिहासाच्या कितीतरी आधी हत्यारं घडवणारे हात होते, हे नक्की.

पावसाळ्यात आंबोलीला जात असाल तर तिथला छोटा टोड, म्हणजे बेडकाचा भाऊबंद, शोधा. तो जगात फक्त आंबोलीच्या परिसरात आहे. त्याची सगळ्यात जवळची भावंड जात कोयना-चांदोलीत. मधल्या दऱ्यांनी दोन्हीकडचे टोड वेगळे पडले की पिढ्यान्‌पिढ्या फरक साठत जातात. पायाखालचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तोही हात लावून पाहा.

आजोबांना पटत नाही. त्यांच्याशी कसं बोलू?

आधी त्यांना काय खुपतं ते विचारा. मान दुखावला असेल तर जीवाश्मांची यादी वाचून उपयोग नाही. कुणी कमी होत नाही, नातं तेवढं मोठं होतं, हे त्यांच्या शब्दांत सांगा. देव्हाऱ्याकडे बोट दाखवून वाद घालू नका, तो प्रश्न तुमचा नाही. खरोखर पुरावा हवा असेल, तर पूर्वजांकडून उरलेली अक्कलदाढ आणि माकडहाड त्यांच्याही शरीरात आहेत, तिथून सुरुवात होते. आणि आजोबांनी आयुष्यभर शेती केली असेल, तर कोणतं औषध किती वर्षांनी चालेनासं झालं हे त्यांनाच सांगायला लावा. ते तुमच्यापेक्षा जास्त जाणतात, नाव तेवढं तुम्ही सुचवा.